नवसाची जिलबी

— नाही हो, आत नका जाऊ तुम्ही, बसा इथंच ओट्यावर. तुमच्या मंडळींना, सुमनताईंना, वेळ लागेल. आधी सुई उकळायची, मग गार करायची, मग आमचा सोपान त्यांना वांग्यात टोचायला लावणार — हो, वांग्यात! माणसाच्या मांडीसारखं असतं म्हणतो, वरून तुकतुकीत अन् आत मऊ. नवीन कुणी शिकायला आलं की आमच्या घरचं एक वांगं कामी येतं. आणि मग ते वांगं कुणी खायचं? मी. बरं, तुम्ही असे भिंतीकडे तोंड करून का बसलात? भिंत काय पळून जातेय? इकडे वळा. ह्या घ्या शेंगा, सोला. रिकाम्या हातांनी बसलं की माणूस जास्त विचार करतो, आणि तुम्ही आधीच पुष्कळ केलेले दिसताय. — नका बोलू, चालेल मला. सुमनताई सांगत होत्या, डॉक्टरनं रोगाचं नाव सांगितल्यापासून तुम्ही तोंडच मिटून घेतलंय. कारखान्यात जायचं, घरी यायचं, भिंतीकडे बघायचं. तिकडे पिंपरीला पिंपंच्या पिंपं पेनिसिलीन करता, सगळ्या देशाला सुया टोचता, आणि स्वतःला टोचायची वेळ आली तर रुसलात! — हसलात? नाही? बरं, राहू दे. मला सवय आहे. आमचा सोपान सबंध पावसाळा असा बसला होता, त्या तिथं, खांबाला टेकून.

मी कोण ते सांगितलं का तुम्हाला? मी रुक्मिणी, सोपानची थोरली बहीण. सगळी निगडी अक्का म्हणते, तुम्हीही म्हणा. आई आमची लवकर गेली, सोपानला मीच कडेवर घेऊन वाढवला. पुढं माझं लग्न होऊन मी पुण्यात नाना पेठेत गेले, मालक वारले तशी परत आले — म्हणून माझं बोलणं ना धड पुण्याचं ना धड मावळातलं. आणि सोपान म्हणजे — आत्ता आत बघितलात ना, सडपातळ, हसरा, कानावरचे केस पिकलेला? तो तसा नव्हता हो. तेव्हाचा सोपान दारातून आत आला की घरातला उजेड कमी व्हायचा. देहूरोडच्या लष्करी डेपोत कामाला. इतरांना दोघं लागायची ती पेटी हा एकटा खांद्यावर घ्यायचा. आणि खाणं! अर्जुनराव, माझ्या भावाचं खाणं बघायला माणसं चालत यायची. इकडे तळेगाव, तिकडे चाकण, कुठंही लग्न असू दे — अक्षता पडल्या की लोक नवरा-नवरीकडे बघायचे नाहीत, पंगतीत सोपानराव कुठं बसलेत ते बघायचे. जिलबी ही त्याची खास. मोजणारा थकायचा, हा थकायचा नाही. शेवटी वाढपी परात पुढ्यात ठेवून हात जोडायचा, आणि सोपान काय म्हणायचा माहितीय? "घास-दोन घासांची जागा हाय अजून, पन तुमचं मन मोडत न्हाई." मांडव हसून लोटपोट! आचारी स्वतः बाहेर येऊन त्याच्या पाया पडायचा. म्हणजे बघा — कुणाची कुस्ती असते, कुणाचा गळा असतो, कुणाची शेती. ह्याची जिलबी होती. त्याला हसू नका. माणसाला चारचौघांत काहीतरी लागतं आपलं म्हणून.

मग एका उन्हाळ्यात त्याची तहान वाढली. तांब्या नाही पुरत, कळशी तोंडाला लावायला लागला. आम्ही म्हटलं, ऊन आहे, पेट्या उचलतो. अंगरखे ढगळ झाले. आम्ही म्हटलं, दृष्ट लागली, एवढी माणसं खाताना बघतात ती! मी मीठमोहऱ्या ओवाळल्या. आणि मोरीत मुंग्या. माझी भावजय कौशल्या, तिनं राख टाकली, रॉकेल टाकलं, मुंग्या काही हटेनात — काळ्या मुंग्यांची वरातच्या वरात. म्हणजे काय, डॉक्टरच्या आधी आमच्या मुंग्यांना कळलं होतं सोपानला काय झालंय ते! पुढं एक दिवस डेपोत पेटी खांद्यावरून घसरली, हा खाली बसला, तेव्हा कुठं दवाखाना. साखरेचा रोग. रोज इंजेक्शन घ्यायचं, जन्मभर. आणि गोड बंद.

घरी आला तो. मी विचारलं, काय म्हणाला रे डॉक्टर? तर म्हणतो, "अक्का, माझी जिलबी गेली." बास. जीव वाचेल का, नोकरीचं काय — काही नाही. मी तेव्हा ओरडले त्याच्यावर, म्हटलं, मेल्या, जिवावरचं दुखणं आणि तुला जिलबी सुचते! — आता कळतं मला, जिलबी म्हणजे जिलबी नव्हती ती. तेव्हा कुठं कळत होतं.

त्यानं काय केलं सांगते. कुणाला सांगितलंच नाही. साखरेचा रोग म्हणजे गादीवर बसून खाणाऱ्या सावकारांचा, अशी लोकांची समजूत. पेट्या उचलणाऱ्याला झाला म्हटल्यावर हसतील. डेपोत कळलं तर हलक्या कामावर टाकतील. शिवाय आजवर जे खाल्लं ते लोक मोजायला बसतील — बघा, खाऊन खाऊन ओढवून घेतलं. ते त्याला नको होतं. मग थाप काय मारली? खंडोबाला बोललोय म्हणाला. नवस आहे, गोड सोडलंय. झालं! गावाला काय, बोलायला विषय. कसला नवस? कशासाठी नवस? सोपानला दोन्ही मुलीच — म्हणजे मुलासाठी असणार! कौशल्या पाण्याला गेली की बायका तिच्या तोंडाकडे बघायच्या सोडून पोटाकडे बघायच्या. आमचे नानासाहेब, पलीकडच्या आळीतले, गावातल्या सगळ्या चांगल्या-वाईटाची काळजी स्वतःच्या डोक्यावर घेणारे, ते तर येता-जाता सोपानची पाठ थोपटायचे, "देव देतो हां सोपानराव, धीर धरा." आणि हा मान खाली घालून घरात. तुम्हीच सांगा, हसावं की रडावं? आम्ही दोन्ही करायचो, आळीपाळीनं.

आणि घरात आम्ही दोघी! आम्ही म्हणजे पोलीस चौकी. कौशल्या सकाळी कारल्याचा रस घेऊन उभी, मी दुपारी जांभळाच्या बियांची पूड घेऊन उभी. गुळाचा डबा मी माझ्या ट्रंकेत कुलपात ठेवला — जसा काही तो चोरच. तो डेपोतून आला की पायावर पाणी घ्यायच्या आत विचारायचं, काय खाल्लंस? कुणी दिलं? खरं सांग. थोरल्या मुलीचा वाढदिवस आला तर शिरा चोरून केला, मागच्या दारी बसून आम्ही चौघी खातोय, आणि हा दारात येऊन उभा राहिला. बघितलं आणि परत खांबाला जाऊन टेकला. त्या दिवसापासून बोलणं जे बंद झालं ते झालं. लग्नाच्या पत्रिका यायच्या, तो वाचायचासुद्धा नाही. इंजेक्शन घ्यायचा, पण कसं — मालगाडी हलावी तसं. कधी कधी मला वाटायचं, एखाद्या दिवशी घ्यायचाच नाही हा. आणि — हे सुमनताईंना सांगू नका — मी त्याच्या औषधाच्या बाटलीतलं औषध किती उतरलं ते गुपचूप बघायची. खरं घेतोय ना म्हणून. बाटली माठाशेजारी ओल्या फडक्यात असायची. पाणी प्यायचं निमित्त करून जायची मी.

ती बाटली पुण्याहून कोण आणायचं? शौकत. शौकत ट्रक चालवायचा, चाकणचा कांदा पुण्याच्या मार्केटला टाकायचा. सोपानचा लहानपणापासूनचा दोस्त. घराबाहेर त्याला एकट्याला खरं माहीत होतं. एके दिवशी बाटली द्यायला आला आणि खांबापाशी उकिडवा बसला. म्हणाला, "सोपान, तुझं हे तोंड बघितलं ना, माझ्या गाडीचं इंजीन उभ्या उभ्या गरम होतं. उद्या भिमाजीच्या पोरीचं लग्न हाय चाकणला. तू येनार." सोपान म्हणाला, मी काय करू तिथं येऊन? तर शौकत म्हणतो, "काय करू म्हंजे? मी काय करतो? बसायचं, लोकान्ला नावं ठेवायची!" आणि दुसऱ्या दिवशी ट्रक आणून दारात उभाच. हॉर्न वाजवतोय, वाजवतोय, सगळी निगडी बाहेर आली तेव्हा हा लाजेनं चढला. सोबत मी. कौशल्याच्या धाकटीला ताप होता म्हणून ती राहिली, सुईचा डबा माझ्या हातात दिला. कांद्याच्या मोकळ्या पोत्यांवर बसून गेले मी लग्नाला, इरकलीला सबंध दिवस कांद्याचा वास!

भिमाजी म्हणजे कांद्याचा मोठा अडत्या. मांडव मोठा, मुहूर्त गाठला, अक्षता पडल्या, पानं मांडली, वाढपी कंबर बांधून उभे. सोपाननं मला खूण केली. ट्रकच्या आडोशाला जाऊन, शौकतनं चादर धरली, यानं सुई घेतली. डॉक्टरनं बजावलेलं होतं — सुई घेतली की जेवण लांबवायचं नाही. म्हटलं, लांबतंय कशाला, पानं तर मांडलीत! आणि परत येऊन बघतो तर काय — नवरदेवाचा मामा रुसलेला. का? तर त्याला चहा गार मिळाला. गार चहा! तो मांडवाच्या दारात खुर्ची टाकून पाठ फिरवून बसला, आणि मामा उठत नाही तोवर वराकडची मंडळी पानावर बसत नाहीत, आणि ती बसत नाहीत तोवर कुणीच बसत नाही. भिमाजी बिचारा पगडी काढून हात जोडतोय. वेळ चाललाय. जिलबी गार होतेय. माझं लक्ष भिमाजीकडे — आणि शौकतनं माझा पदर ओढला. "अक्का, सोपानकडं बघ."

घामानं निथळत होता. हात थरथरत होते. डोळे असे, कुठंतरी लांब बघितल्यासारखे. आणि मी पोचायच्या आत तो उठला, झोकांड्या खात मामापुढं गेला, आणि जो माणूस अख्खा पावसाळा धड चार शब्द बोलला नव्हता, तो भर मांडवात बोलायला लागला! "ए मामा! ऊठ! तुझा चहा गार झाला व्हय? हितं मानसं गार व्हायला लागली! नवरीची आई सकाळधरनं उपाशी हाय, आन् तू बशीसाठी रुसतोस? काय रे, घरी बायकू तुला रोज गार चहा देत आसंल, तिथं न्हाई वाटतं रुसत!" अर्जुनराव, सगळ्या मांडवाच्या मनातलं बोलला हो तो! बायका पदरात तोंड घालून — आणि मामा लालबुंद. कुणीतरी ओरडलं, "प्यालाय हा!" आता बघा, दारूबंदीचे दिवस. लग्नात प्यालेला माणूस सापडला तर यजमानाला तापच. "पोलीस पाटलाला बोलवा" — तोवर सोपान खाली बसला, नीट बसतासुद्धा येईना, मानच पडायला लागली.

मला डॉक्टरचं आठवलं. असं झालं तर आधी साखर, बाकी सगळं नंतर. मी धावले ती आचाऱ्याकडे, पाकात हात घातला — भाजला, पण ते नंतर कळलं — आणि एका हातात पाक, एका हातात जिलबी घेऊन आले. तर मध्ये आडवं कोण? आमचे नानासाहेब, तेही आले होते लग्नाला! दोन्ही हात पसरून. "अक्का! काय करताय? त्यांचा नवस हाय! गोड तोंडाला लावलं तर देव कोपंल! कौशल्याबाईच्या पोराचं काय?" आता काय करू? खाली माझा भाऊ चाललाय, वर हा माणूस देवाची वकिली करतोय, आणि चहूकडून लोकांचं कडं. मी ओरडले — माझा आवाज तुम्ही ऐकताच आहात, तेव्हा याच्या दुप्पट होता — म्हटलं, "नवस नाही, बिवस नाही! साखरेचा रोग आहे माझ्या भावाला! रोज सुई घेतो तो! आणि आत्ता गोड नाही मिळालं तर तुमच्या डोळ्यांदेखत जाईल तो, व्हा बाजूला!"

नवरीचं रडणंसुद्धा थांबलं. मी खाली बसले, बोटानं पाक त्याच्या ओठांना आतून लावला. परत लावला. जीभ हलली. गिळतोय असं बघितलं, मग जिलबीचा तुकडा मोडून घातला. मग आणखी एक. कडेवर असताना असाच भात भरवायचे मी त्याला... एवढासा होता. मी काय म्हणत होते? — हां. सगळे बघत होते. पूर्वी बघायचे तसेच, सोपानराव जिलबी खातायत. फक्त कुणी हसत नव्हतं. मग त्यानं डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं, त्या सगळ्या कडं करून उभ्या माणसांकडे बघितलं, जिलबी चघळली, आणि म्हणाला, "पाक कच्चा राह्यलाय."

काय हशा झाला म्हणून सांगू! आचारी हसतोय आणि रडतोय. मामासुद्धा हसला — उठला हो मामा, स्वतः पाण्याचा तांब्या घेऊन आला! मी मात्र — मी ट्रकच्या मागं गेले. काही नाही, हात धुवायला. ... काय सांगायचंय आता लपवून, रडायला गेले. भीती नव्हती तेवढी आधी, नंतर आली. मला ना मूल ना बाळ. तो गेला असता तर मी ओरडले असते कुणावर?

परत आले तर पंगत बसलेली, आणि तिथं निराळीच गंमत. पानात जिलबी वाढलेली, आणि कुणी हात लावेना. सोपान समोर बसलेला, त्याच्यादेखत कसं खायचं? नानासाहेब तर जिलबी भाताखाली लपवत होते. अगदी आमच्या घरासारखं — मागच्या दारचा शिरा! सोपाननं बघितलं ते. मला वाटलं, झालं, आता हा परत गप्प होणार. तर तो उठला. पाय अजून लटपटत होते. वाढप्याच्या हातातली परात घेतली आणि पंगतीत शिरला. पहिला थांबला नानासाहेबांपुढं. "काडा ती भाताखालची. ही माज्या वाटची, घ्या. न्हाई म्हनू नका, मी आत्ताच मरता मरता वाचलोय." कोण नाही म्हणेल? नाही म्हणायची सोय आहे का अशा माणसाला? सबंध पंगतीला त्यानं आग्रह केला. कुणाचा कान धरून, कुणाला शपथ घालून, मामाला तर स्वतःच्या हातानं भरवली, वर म्हणतो, "गरम हाय बगा!" भिमाजी म्हणाला, माझ्या मांडवात अशी पंगत उठली नाही कधी. आणि माझा भाऊ घामाघूम, पण तो घाम निराळा. ट्रकमध्ये परत येताना शौकतच्या शेजारी बसून बडबडत होता, बडबडत होता — मागं पोत्यांवर मला ऐकू येत होतं.

तेव्हापासून आजूबाजूच्या लग्नांत आग्रहाला सोपान लागतो. पत्रिकेबरोबर निरोप येतो — मुहूर्त अमुक, आणि सोपानरावांचं जेवण आधी वेगळं, वेळेवर. आणि लोक हसले का? हसले की थोडे. डेपोत पण कळलं, पेट्यांवरून काढून मोजदादीवर बसवलं, दोन दिवस कुरकुरला. पण सांगायची गोष्ट निराळीच. त्या लग्नानंतर माणसं यायला लागली. आधी तो मामा आला — नाही नाही, त्याला नाही झालं काही, त्याच्या बायकोला! चार वर्षं रोगाचं माहेरीसुद्धा बोलली नव्हती बिचारी. मग तळेगावचे एक मास्तर. मग देहूरोडच्या रहिमाबी, त्या बुरख्यात तोंड झाकून आल्या, लोकांना नव्हे, सुईला लाजून. आता रविवार म्हटला की आमच्या ओट्यावर हे एवढे. काय करतात? सुई-बिई दहा मिनिटांत होते. मग बसतात आणि रोगाला शिव्या देतात. मनसोक्त! हसतात तर असे की रस्त्यावरची एसटी थांबून बघते. लघवीत साखर किती ते बघायला परीक्षानळीतलं निळं पाणी दिव्यावर धरतात ना, सोपान त्याला साडीचे रंग म्हणतो. निळं राहिलं तर पैठणी, हिरवं आलं तर ठीक, नेसा, पिवळं म्हणजे हळदीला गेलात कुठंतरी. आणि विटकरी आलं तर —

— नाही. खोटं कशाला सांगू. विटकरी म्हणजे साखर फार चढलेली, ते आलं की त्याला अजून हसू येत नाही. परवाच आलं होतं. काहीही चुकलेलं नसताना येतं कधी कधी, त्याचाच राग जास्त. त्या दिवशी तो बोलत नाही, आदळआपट करतो, आणि आम्ही करू देतो. पूर्वी मी सुरू व्हायची, काय खाल्लंस, कुणी दिलं. आता ठरलंय आमचं. दारात आला की आधी विचारायचं, कसा आहेस? खाण्याचं नंतर. त्यानंच मागून घेतलं ते माझ्याकडून, एवढंच एक. अवघड जातं हो मला! जिभेवर येतं, गिळते. आणि मुलींच्या वाढदिवसाला शिरा पुढच्या दारी होतो, तो स्वतः वाढतो. एक घास त्याचाही असतो. डॉक्टरला विचारून.

तर असं आहे. रोग गेलेला नाही, तो आहेच घरात, जेवायला बसल्यावर पाट मागतो. — अरे, सगळ्या शेंगा झाल्या की तुमच्या! टरफलं मात्र माझ्या पायावर टाकलीत. बरं, एक विचारू? सोपानची जिलबी गेली होती. तुमचं काय गेलं? — नाही, जिलबी नसेल, मला दिसतंय, तुम्ही काही खाणाऱ्यातले नाही. पण गेलंय काहीतरी, त्याशिवाय माणूस भिंतीकडे बघत नाही. कुणाला सांगितलंत का? सुमनताईंना? नाही ना. तिला त्रास नको म्हणून? सगळे असंच म्हणतात. — काय? — हळू का बोलताय... थांबा. सोपान! ए सोपान, दार लोटून घे तुझं, आणि आत्ताच येऊ नका बाहेर कुणी! आणखी एक वांगं घ्या हवं तर!

हं. बोला तुम्ही. घ्या लागेल तेवढा वेळ. मी गप्प बसते.